एच१ म्हणजे व्हिसा नव्हे, राव!

कोथरूडच्या नाहीतर ठाण्याच्या कुठल्याही सोसायटीत संध्याकाळी कट्ट्यावर नुसतं 'एच वन' म्हणून बघा. चार माना गर्रकन वळतील आणि त्यातल्या दोघांची मुलं न्यू जर्सीत निघतील. पण थांबा! आपला एच१ वेगळा. याला लॉटरी नाही, स्टॅम्पिंग नाही, वकिलाची फी नाही. कुणीही उठावं आणि लावावा.

वेबपेजच्या कपाळावर जो मुख्य मथळा असतो ना, तो एच१. एच फॉर हेडिंग. त्याच्या पाठोपाठ एच२, एच३ करत एच६पर्यंत अशी एकूण सहा भावंडं. टोकदार कंसात एच१ लिहायचं, मग मथळा, मग पुन्हा टोकदार कंसात एक तिरकी रेघ आणि एच१. अशा कंसातल्या खुणेला म्हणतात टॅग आणि या खुणांच्या भाषेला एचटीएमएल. झालं! सकाळपासून तुम्ही बातम्या चाळल्या असतील, साबुदाणा वड्याची रेसिपी शोधली असेल, लोकलचं वेळापत्रक पाहिलं असेल. प्रत्येक ठिकाणी ही मंडळी पडद्याआड उभी होती. किंवा असायला हवी होती. ती भानगड पुढे येतेच.

चला तर, डोक्यापासून सुरुवात करू.

आधी बारसं, मग फोटो

माहीत आहे का? वेबवर चित्रं यायच्या आधी हेडिंग आलं!

साल १९९१, महिना ऑक्टोबर. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन केंद्रात टिम बर्नर्स-ली यांनी 'एचटीएमएल टॅग्ज' नावाचं छोटंसं टिपण तयार केलं. टॅग किती? जेमतेम दीड डझन. पण एच१ ते एच६ सगळे हजर. चित्र लावायचा टॅग मात्र गैरहजर! तो आला १९९३ मध्ये, मोझॅक ब्राउझरबरोबर. रंगरंगोटी करणारी सीएसएस अधिकृत झाली ती थेट डिसेंबर १९९६ मध्ये. म्हणजे बाळ जन्मलं तेव्हा फोटो नाही, रंग नाही, फॉन्टचे नखरे नाहीत, पण मथळ्यांच्या सहा पायऱ्या तयार.

आणि जगातल्या पहिल्या वेबसाइटच्या मुखपृष्ठावरचा एच१ काय होता, ओळखा पाहू! 'वर्ल्ड वाइड वेब'. बस्स. ना 'आपले सहर्ष स्वागत', ना 'तुमच्या हक्काचं पोर्टल'. त्या पानाची १९९२ मधली प्रत सर्नने २०१३ साली जुन्याच पत्त्यावर पुन्हा लावली. आजच्या फोनवर उघडा, मथळा तसाच ठळक, तसाच ऐसपैस. १९९२ सालचा कुठला चार्जर आज चालतो, सांगा!

जाता जाता: हे सगळं ज्या नेक्स्ट कॉम्प्युटरवर चालायचं, त्यावर लाल शाईत चिठ्ठी चिकटवली होती की हे मशीन सर्व्हर आहे, बंद करू नका. वेबचं भवितव्य एका स्टिकरवर! आपल्याकडे ऑफिसच्या राउटरवर असतं ना, 'हात लावू नये – हुकुमावरून', अगदी तसं.

मग हे 'एच' टिमसाहेबांनीच शोधले का? छे हो. १९६९ मध्ये आयबीएममधले तिघं, गोल्डफार्ब, मोशर आणि लोरी, एका नव्या खुणाभाषेवर काम करत होते. तिघांच्या आडनावांची पहिली अक्षरं घ्या: जी, एम, एल. झालं भाषेचं नाव, जीएमएल! त्याचं 'जनरलाइज्ड मार्कअप लँग्वेज' असं भारदस्त रूप मागाहून जुळवलं. आपल्या एचटीएमएलमधलं 'एमएल' या खानदानातलं.

या खानदानात एक थोरला होता, जो आपल्यापर्यंत पोचलाच नाही. एच०! आयबीएमच्या जीएमएलमध्ये पुस्तकाच्या 'भाग पहिला', 'भाग दुसरा' यांसाठी एच० आणि प्रकरणासाठी एच१ अशी रीत होती. एचटीएमएलने शून्य गाळला आणि मोजणी एकपासून सुरू केली. ज्या भूमीनं जगाला शून्य दिलं, तिथे हे वाचताना थोडं दुखतंच.

समर्थांचा साइटमॅप

आता एक गंमत. हेडिंगची शिस्त मराठी माणसाला नवी आहे का? मुळीच नाही.

समर्थ रामदासांचा दासबोध घ्या. ग्रंथाचं नाव झालं एच१. एकच. त्याखाली २० दशक, म्हणजे २० एच२. प्रत्येक दशकात १० समास, म्हणजे २०० एच३. त्यांच्या पोटात ७७५१ ओव्या, म्हणजे परिच्छेद. एकही पायरी गाळलेली नाही, एकही समास बेवारस नाही. प्रत्येक समासाला नाव आहे आणि नाव वाचलं की आत काय मिळणार ते कळतं. 'मूर्खलक्षण' म्हटल्यावर संशयाला जागा उरते का? त्याच दशकाच्या शेवटी 'पढतमूर्ख लक्षण' येतं. या दोन मथळ्यांमधला फरक ज्याला कळला, त्याला चांगलं हेडिंग कसं लिहावं हे वेगळं शिकवायला नको. (आणि आपण नेमके कुठल्या मथळ्याखाली येतो, हे प्रत्येकानं आपापलं बघावं.)

बरं, ग्रंथाच्या पहिल्याच समासात समर्थ काय करतात? ग्रंथाचं नाव काय, आत कशाकशाचं निरूपण आहे, वाचून काय मिळेल, सगळं सांगून टाकतात. होमपेज आणि अनुक्रमणिका, टू इन वन!

पण माझा सगळ्यात लाडका तुकडा एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्या समासात आहे. विषय: लेखनक्रिया. बाळबोध अक्षर कसं काढावं, कागदाला समास कसा सोडावा, याच्या बारीकसारीक सूचना. त्यात समर्थ बजावतात की एक ओळ दुसरीला चिकटता कामा नये, आणि वरच्या-खालच्या मात्रा-वेलांट्या एकमेकींत घुसता कामा नयेत. वेब डिझायनर याला 'लाइन-हाइट' म्हणतात. सतराव्या शतकात! आजही कित्येक मराठी साइट्सवर दोन ओळींचा मथळा आला की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला ढुशी देतो. म्हणजे हा समास अजून सगळ्यांनी वाचलेला नाही.

बारीक मथळे, मोठा थाट

माहीत आहे का? सहापैकी दोन हेडिंगं साध्या मजकुरापेक्षाही लहान असतात!

ब्राउझरला तुम्ही काहीच सांगितलं नाही, तर साधा मजकूर साधारण १६ पिक्सेलचा येतो. एच१ त्याच्या दुप्पट, ३२. एच२ दीडपट, २४. एच३ पावणेएकोणीसच्या आसपास. एच४ पुन्हा १६, म्हणजे मजकुराएवढाच, फक्त ठळक. आणि मग घसरगुंडी! एच५ होतो १३.२८ आणि एच६ चक्क १०.७२ पिक्सेल. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं आठवतात? तेच. त्यातून मराठीत 'प्रशिक्षणार्थ्यांसाठी' असा मथळा एच६ मध्ये टाका. जोडाक्षरांची अशी काही खिचडी होते की वाचायला भिंग लागावं.

आता खरा ट्विस्ट. मथळ्याच्या वर-खाली जी मोकळी जागा सुटते, ती सर्वात जास्त कुणाला? थोरल्या एच१ ला? चूक! एच१ ला मिळतात सुमारे २१ पिक्सेल. धाकट्या एच६ ला जवळजवळ २५! मूर्ती सगळ्यात लहान, पण पंगतीत पाट सगळ्यात ऐसपैस.

आणखी एक. १९९५ मध्ये एचटीएमएल २.० ची नियमावली आली, तेव्हा हेडिंगं कशी दिसावीत याच्या सूचनाही त्यात होत्या. एच१ ठळक, खूप मोठा आणि मधोमध. एच२ डावीकडे चिकटून. एच३ आणि एच५ मात्र तिरक्या अक्षरांत! अधलीमधली भावंडं वाकडी चालायची म्हणा ना. ती तिरकी चाल ब्राउझरांनी पुढे सोडून दिली, हे देवनागरीच्या दृष्टीनं बरंच झालं. आपल्या लिपीत इटॅलिकची परंपराच नाही. ब्राउझर सरळ अक्षरं ढकलून वाकडी करतो आणि बिचारं 'शीर्षक' वादळात सापडल्यासारखं दिसतं.

काका, हे मोठं दिसतंय, मोठं नाहीये!

आता ती मघाची भानगड.

आमच्या सोसायटीनं हौसेनं वेबसाइट केली. सेक्रेटरी काकांचा आग्रह एकच: मथळे मोठ्ठे पाहिजेत. करणाऱ्या पोरानं केले. 'पाणीपुरवठा', 'पार्किंग', 'मेंटेनन्सची थकबाकी', सगळं लालभडक, जाडजूड, चोवीस पिक्सेल. दिसायला फर्स्ट क्लास. थकबाकीदारांची नावं तर मैलावरून वाचता यावीत.

सी विंगमध्ये एक काकू राहतात. बँकेत नोकरी, पूर्ण दृष्टिहीन, कॉम्प्युटरवर बोटं वाऱ्यासारखी. त्यांनी साइट उघडली, 'एच' हे बटण दाबलं आणि कॉम्प्युटर खणखणीत आवाजात म्हणाला, "नो नेक्स्ट हेडिंग."

पुन्हा दाबलं. "नो नेक्स्ट हेडिंग."

"अगं, यांच्याकडे मथळेच नाहीत का?" काकूंनी मला विचारलं. "पाणी कधी येणार ते कळायला मला अध्यक्षांचं मनोगत पहिल्यापासून ऐकावं लागतंय."

मी सेक्रेटरी काकांकडे गेले. "काका, ही हेडिंगं नाहीत, नुसती ठळक अक्षरं आहेत."

"दिसतंय की एवढं मोठं!"

"दिसतंय, काका. पण कॉम्प्युटरला ते मोठं आहे हे माहीतच नाही."

घोटाळा इतकाच होता. त्या पोरानं मजकूर साध्या परिच्छेदात ठेवून फक्त रंग आणि आकार बदलला होता. डोळ्यांना मथळा, मशीनला किरकोळ ओळ. हवालदाराला इन्स्पेक्टरची टोपी घातली म्हणून बढती होते का? चाळीस मिनिटांत टॅग बदलून झाले. रूप तेच, रंग तोच (लाल ठेवायचाच, यावर काका ठाम होते). काकूंनी 'एच' दाबलं: "पाणीपुरवठा, हेडिंग लेव्हल टू." पुन्हा 'एच': "पार्किंग, हेडिंग लेव्हल टू." अध्यक्षांचं मनोगत दोन टकटकींत ओलांडलं! नंतर कळलं की बाकीचे सभासदही ते वाचत नव्हतेच, फक्त त्यांना बोट फिरवून पुढे जाता येत होतं.

या करामतीमागे असतो स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम. 'एच' दाबा, पुढचं हेडिंग. शिफ्ट धरून 'एच' दाबा, मागचं. १ ते ६ हे आकडे दाबा, थेट त्या पातळीचं हेडिंग! की-बोर्डचा झाला रिमोट.

माहीत आहे का? काकू वापरतात तो एनव्हीडीए हा प्रोग्रॅम २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन यांनी सुरू केला आणि लवकरच जेम्स टेह त्यांच्या जोडीला आले. दोघेही दृष्टिहीन. किंमत? शून्य! (घ्या, तो हरवलेला शून्य इथे सापडला.)

अमेरिकेतल्या वेब-एम या संस्थेनं २०२३-२४ मध्ये स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांना विचारलं होतं की लांबलचक पानावर हवी ती माहिती कशी शोधता? दहातल्या सात जणांचं उत्तर: हेडिंगवरून हेडिंगवर उड्या मारत. आणि याच संस्थेनं जगातल्या दहा लाख होमपेजेसची तपासणी केली, तेव्हा एक तृतीयांशाहून जास्त पानांवर पायऱ्या गाळलेल्या निघाल्या. एच२ नंतर थेट एच४! जिन्यात मधलीच पायरी नसली तर डोळस माणूसही तोंडावर आपटतो. गंमत बघा, वेब सुलभतेची जी जागतिक नियमावली आहे, तिच्यात एवढ्यासाठी कुणी नापास होत नाही. म्हणजे गुन्हा नाही, पण शेजारीपाजारी नावं ठेवणार.

एका म्यानात दोन तलवारी?

नाहीच राहत. ब्राउझर राहू देत नाही! एच१ उघडला, तो बंद न करताच आत एच२ सुरू केला, तर ब्राउझर पहिल्याला गुपचूप बंद करतो आणि मग दुसऱ्याला आत घेतो.

याहून अफलातून गोष्ट सांगू? एच१ उघडा आणि बंद करताना चुकून एच३ लिहा. काय होईल? सगळं पान विस्कटेल? काहीच होत नाही. सहापैकी कुठल्याही हेडिंगचा शेवटचा टॅग, उघड्या असलेल्या हेडिंगला बंद करू शकतो. एका किल्लीनं सहाही फ्लॅट बंद! हा अपघात नाही बरं, ब्राउझरांसाठीच्या नियमांत तसं लिहून ठेवलंय. लोक चुका करणारच, हे गृहीत धरून. एवढं मोठं मन आपल्या इन्कम टॅक्स फॉर्मचं असतं तर!

एच७ लिहिलं तर? ब्राउझर रागावत नाही, ओरडत नाही. ओळखच दाखवत नाही! मजकूर साध्या अक्षरांत येतो, जणू टॅग नव्हताच. लिफ्टमध्ये सातव्या मजल्याचं बटणच नाही. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये मात्र हेडिंगच्या नऊ पातळ्या आहेत. नववी पातळी खरोखर वापरणारा माणूस भेटला तर त्याला चहा पाजायची माझी इच्छा आहे. पीएचडी करत असणार, नाहीतर शासकीय निर्णय लिहीत असणार.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर? तिथे हेडिंगच नाही! दोन चांदण्यांमध्ये शब्द अडकवून ठळक करायचे आणि त्यालाच मथळा म्हणायचं. म्हणून तर आपले फॉरवर्ड मथळ्याच्या जागी तीन बोटं, दोन झेंडे आणि एक सायरन लावून येतात.

चांदणी नको, हॅश हवा? तोही आहे. मार्कडाउन या लिहायच्या सोप्या पद्धतीत एक हॅश म्हणजे एच१, सहा हॅश म्हणजे एच६. जॉन ग्रुबर यांनी ती २००४ मध्ये आणली. हॅशची ही युक्ती त्याआधी २००२ मध्ये एरन स्वार्ट्झ यांच्या 'एटीएक्स' या अशाच लेखनपद्धतीत होती. तेव्हा या पठ्ठ्याचं वय सोळाच्या आतबाहेर! सोळाव्या वर्षी आपण हॅश म्हणजे फोनवरचं कोपऱ्यातलं बटण एवढंच ओळखत होतो.

बापाची इच्छा, ३१ वर्षांची लटकंती

ही जरा लांबण आहे, पण मालिकेच्या तोडीची आहे.

खुद्द टिम बर्नर्स-ली यांना एच१, एच२ अशी आकड्यांची पद्धत फारशी पसंत नव्हती! १९९१ च्या ऑक्टोबरअखेर एका ईमेलमध्ये त्यांनी आपलं मन सांगितलं: आकडे नकोत, 'सेक्शन' नावाचे एकात एक बसणारे डबे असावेत आणि मथळ्याला नुसता एक 'एच'. डबा किती आत आहे, त्यावरून मथळ्याची पातळी आपोआप ठरावी. मसाल्याच्या डब्यातल्या वाटीवर 'वाटी क्रमांक ३' लिहावं लागतं का? तसंच.

कल्पना झकास. घडलं काय? आकडेच रूढ झाले. पुढे एक्सएचटीएमएल २ नावाचा मोठा बेत आखला गेला. त्यात हुबेहूब हेच होतं: सेक्शन आणि बिनआकड्याचा एच. मुहूर्त निघाला, मांडव पडला आणि २००९ मध्ये जाहीर झालं की लग्न रद्द.

मग आला एचटीएमएल ५. सेक्शन टॅग मिळाला! सोबत नियमही आला की प्रत्येक सेक्शनमध्ये बिनधास्त एच१ वापरा, ब्राउझर खोली मोजून पातळी ठरवेल. डेव्हलपर खूश. पुस्तकांत छापलं गेलं, क्लासांत शिकवलं गेलं, इंटरव्ह्यूत विचारलं गेलं. फक्त एक छोटीशी अडचण होती. एकाही ब्राउझरनं ते केलंच नाही! डोळ्यांना दिसण्यापुरता आतला एच१ लहान केला, पण स्क्रीन रीडरला मात्र सगळे एच१ म्हणजे एच१च सांगितले. घरात सगळेच सासरे! २०२२ मध्ये तो नियम अखेर नियमावलीतून काढून टाकला गेला. आणि आतला एच१ बारीक दाखवायची ती जुनी सवयही २०२५ पासून ब्राउझर मोडायला लागलेत.

म्हणजे ज्यानं वेब जन्माला घातलं, त्याचीच एक साधी इच्छा तीन वेळा मांडवापर्यंत जाऊन परत आली. घरोघरी मातीच्या चुली, टिमदादा.

आणि हो, 'पानावर एकच एच१ हवा, नाहीतर गूगल शिक्षा करतं' असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर हसून मान डोलवा. गूगलच्याच जॉन म्यूलर यांनी २०१९ मध्ये सांगून टाकलंय की पाच एच१ असोत की एकही नसो, शोधयंत्राचं काही बिघडत नाही. तरी एकच ठेवा म्हणेन मी. एकाच पत्रिकेवर पाच नवरदेव छापले तर आहेर कुणाला द्यायचा?

शिरोरेखा उर्फ हेडलाइन

माहीत आहे का? अक्षरशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकांत आपल्या शिरोरेखेला काय म्हणतात? हेडलाइन! म्हणजे देवनागरीत प्रत्येक शब्दच आपापली हेडलाइन डोक्यावर घेऊन हिंडतो.

आता या हेडलाइनची हेडिंगमध्ये वाट कशी लागते ते बघा. इंग्रजी मथळ्यांत अक्षरं जरा सुटी सुटी ठेवायची फॅशन आहे. सीएसएसमध्ये एका ओळीचं काम. तोच साचा उचलून मराठी साइटला लावला की शिरोरेखा तुटते! 'महाराष्ट्र' चा होतो म-हा-रा-ष्ट्र, जणू पतंगाच्या मांज्यात सापडला. दुसरी इंग्रजी फॅशन, मथळा पूर्ण कॅपिटलमध्ये. ती आज्ञा देवनागरीवर सोडली तर परिणाम शून्य. आपल्या लिपीत सगळी अक्षरं समान, कुणी कॅपिटल नाही, कुणी स्मॉल नाही. तिसरी गफलत: फॉन्टमध्ये ठळक अक्षरंच नसतील तर ब्राउझर साध्या अक्षरांवर शाई थापून खोटा बोल्ड तयार करतो, आणि 'ष' च्या पोटातली तिरकी रेघ गुदमरते.

एक आज्ञा मात्र मराठी पानावर हवीच हवी: भाषेचा कोड, एमआर. (मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह नव्हे!) हा कोड असला की स्क्रीन रीडरला मराठी आवाज निवडता येतो. आणि ज्या फॉन्टात सोय केलेली असते तिथे 'ल' आणि 'श' हिंदी वळण सोडून आपल्या मराठी वळणात येतात. एका कोडनं 'शाळा' आणि 'लाडू' दोन्ही घरी परत!

आणखी एक चटकदार हिशेब. हेडिंगला पत्ता देता येतो, म्हणजे लिंक उघडली की पान थेट त्या मथळ्यावर जाऊन थांबतं. मराठी विकिपीडियावर (सुरुवात १ मे २००३, म्हणजे महाराष्ट्र दिनी) लेखातल्या 'शिक्षण' या उपमथळ्याची लिंक कॉपी करून बघा. तुम्हाला दिसतात तीन अक्षरं. कॉम्प्युटर मोजतो सहा: श, वेलांटी, क, हलन्त, ष, ण. प्रत्येकासाठी तीन बाइट आणि लिंकमध्ये एकेका बाइटची होतात तीन चिन्हं. सहा गुणिले तीन गुणिले तीन, एकूण ५४! 'शिक्षण' एवढं महाग का झालं, त्याचं हे एक उत्तर.

आता कबूल करा, हा लेख तुम्ही सलग वाचला नाहीत. मधल्या छोट्या ओळी बघितल्या, 'समर्थांचा साइटमॅप' दिसल्यावर थबकलात, 'लटकंती' वरून सटकलात. लाजू नका! २००६ मध्ये जेकब निल्सन यांच्या चमूनं २३२ जणांची नजर पडद्यावर कुठे कुठे फिरते ते टिपलं, तेव्हा लोक बहुतेकदा इंग्रजी 'एफ' अक्षराच्या आकारात नजर फिरवतात असं निघालं. फक्त मथळे टिपत खाली उतरायच्या सवयीला ही मंडळी 'लेअर केक' म्हणतात. आपण चिरोटा म्हणू. वरचे पदर तेवढे उचलायचे आणि आतला भुगा बशीत ठेवायचा.

सगळ्यात शेवटी सगळ्यात उलटी गोष्ट. आपल्या जुन्या पोथ्यांत अध्यायाचं नाव पुष्कळदा सुरुवातीला नसतंच. ते येतं शेवटी, 'इति' म्हणून! दासबोधातही प्रत्येक समास संपताना त्याचं नाव पुन्हा घेतलं जातं. आधी सगळं ऐका, मग कळेल काय ऐकलंत. एच१ पानाच्या तळाशी! तेव्हा ज्यांनी शीर्षक न वाचता थेट इथे उडी मारली असेल, त्यांच्यासाठी खास पोथीच्या रिवाजानं:

॥ इति श्रीएचटीएमएलपुराणे सेक्रेटरीकाकाकाकूसंवादे शीर्षकषट्कनिरूपण नाम अध्याय पहिला समाप्त ॥